सात शिलिंग आणि डॅफोडिल्स

आमच्या ताईला हिशेब लिहायची सवय आहे. इंग्लंडात राहून सत्तावीस वर्षं झाली, बँकेचं सगळं मोबाइलवर आलं, तरी पर्समध्ये लाल पुठ्ठ्याची लांबट वही असतेच. वही आमच्याच छापखान्यात बांधलेली. दर दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर मी दोन वह्या पाठवतो. आम्ही दोघं भावंडं इंग्रज कवी वर्डस्वर्थच्या मुलखात, इंग्लंडमधल्या तळ्यांच्या प्रदेशात, पाच दिवस हिंडलो. पुढच्या मजकुरातल्या वेळा, कुठे काय खाल्लं, कुठे पाऊस लागला, हे सगळं त्या वहीतलं आहे. मी नुसता बघत होतो.

पहिला दिवस

ताईचं घर हॅलिफॅक्सला. सकाळच्या गाडीनं प्रेस्टन, तिथून ऑक्सनहोम, आणि ऑक्सनहोमहून फाट्यावरची छोटी गाडी विंडरमिअरला. हा फाटा जेमतेम दहा मैलांचा, एकेरी रुळाचा. दोन्ही बाजूंना दगडी बांध, बांधांत मेंढ्या, आणि मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या-लाल रंगाचे फासलेले पट्टे. ताई म्हणाली, "ज्याच्या त्याच्या मालकाची खूण."

विल्यम वर्डस्वर्थचा या रेल्वेला कडाडून विरोध होता. १८४४ साली हा मार्ग आखला गेला तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. इंग्लंडचा एकही कोपरा आता या धाडीतून सुटायचा नाही का, असं विचारणारं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, त्यानं वर्तमानपत्रात छापलं, पाठोपाठ लांबलचक पत्रं लिहिली. सुनीत ठीक आहे. पत्रं मला खटकली. गिरणी-कारखान्यांतल्या माणसांना गाड्या भरभरून इथे आणून त्यांच्या पदरात काय पडणार, असलं सौंदर्य बघायला नजर मुरावी लागते, असा त्यांचा एकूण रोख. आणि याच गृहस्थानं १८१० साली या तळ्यांच्या मुलखाची प्रवासी माहिती लिहिली होती! पुढे तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आधी गावभर आवतण द्यायचं आणि पानं मांडल्यावर दार लावून घ्यायचं, त्यातला प्रकार. हॅलिफॅक्स हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव, म्हणजे आम्ही त्याच्या नकोशा पाहुण्यांच्याच यादीतले.

पण त्याच माहितीच्या पुस्तकात एक वाक्य आहे. हा प्रदेश म्हणजे एक प्रकारे राष्ट्राची मालमत्ता, आणि बघायला डोळे व सुख घ्यायला मन असलेल्या प्रत्येक माणसाचा तिच्यावर हक्क आहे, अशा अर्थाचं. ते वाक्य त्याच्या रागापेक्षा जास्त टिकलं. १८९५ साली नॅशनल ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांपैकी एक, कॅनन रॉन्स्ली, इथलाच पाद्री आणि वर्डस्वर्थचा भक्त. १९५१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, २०१७ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून शिक्का मारला. रेल्वे १८४७ साली आली ती विंडरमिअरला थांबली, ती आजतागायत तिथेच थांबली आहे. पुढे बस.

दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, उघड्यावर, आम्ही दोघंच. बाकीचे शहाणे खाली बसले होते. अँबलसाइड, रायडल, मग ग्रासमिअर. वाटेत एक गंमत कळली. या तळ्यांच्या प्रदेशात नावात 'लेक' असलेलं तळं एकच, बॅसेनथ्वेट. बाकीची सगळी 'मिअर' किंवा 'वॉटर'. त्यामुळे 'लेक विंडरमिअर' म्हणणारा माणूस बाहेरचा, हे लगेच ओळखू येतं.

उतरलो त्या घरगुती लॉजमध्ये खोली गरम करायचं यंत्र बंद. मालकीणबाईंनी हसतमुखानं आणखी दोन ब्लँकेटं दिली. ताईनं वहीत लिहिलं: 'हीटर नाही. दोन ब्लँकेट. (उद्या बोलणे.)'

रात्री झोप येईना, तेव्हा सातवी-आठवीचा वर्ग आठवला. इंग्रजीच्या पुस्तकात डॅफोडिल्सची कविता होती. वर्गातल्या एकानेही ते फूल पाहिलेलं नव्हतं, सरांनीही नाही. तरी सर डगमगले नाहीत. त्यांनी फळ्यावर पिवळ्या खडूनं एक फूल काढलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, धोत्रा!" पुढची दोन वर्षं आमच्या वर्गात त्या कवितेचं नाव 'धोत्रा' हेच होतं.

दुसरा दिवस

डव्ह कॉटेज. गावाच्या टोकाला, रस्त्यालगत, चुन्यानं पांढरं केलेलं बुटकं घर. वर्डस्वर्थ आणि त्याची धाकटी बहीण डोरोथी १७९९ च्या डिसेंबरात इथे राहायला आले आणि १८०८ च्या मे महिन्यापर्यंत राहिले. तेव्हा या घराला हे नाव नव्हतं. त्याआधी इथे एक पथिकाश्रम होता, दारूही मिळायची. त्याच्या पाटीवर कबुतर आणि ऑलिव्हची डहाळी होती, तीवरून हे नाव मागाहून चिकटलं.

आत शिरताना वाकावं लागतं. खालच्या खोलीत दगडी फरशी आणि भिंतींना काळपट लाकडी तक्ते. ढगाळ सकाळी अकरा वाजता आत संध्याकाळ होती. मागे दूध-लोणी ठेवायची खोली. तिच्या फरशीखालून ओहोळ नेलेला, म्हणजे बारा महिने गारवा. ताई तिथे वाकून कान लावून उभी राहिली. वर एक चिंचोळी खोली आहे, तिच्या भिंतींना डोरोथीनं थंडी-ओल थोपवायला वर्तमानपत्रं चिकटवली होती. बाकी लोक तिथून 'कित्ती गोड' म्हणत पुढे सरकत होते. मी छापखानेवाला, मला तिथून हलवायला ताईला दंड धरावा लागला. तो बारीक टाइप, जागा वाचवायला घट्ट बसवलेले रकाने! कागद महाग होता हो तेव्हा. आणि तोच कागद भिंतीला.

या एवढ्याशा घरात १८०२ नंतर माणसं वाढत गेली. वर्डस्वर्थनं त्या वर्षी ऑक्टोबरात मेरी हचिन्सनशी लग्न केलं. मग जॉन, डोरा, थॉमस अशी तीन मुलं इथेच झाली. शिवाय कवी-मित्र कोलरिज कधीही येऊन मुक्काम ठोकायचा. खायला बहुतेक ओटची लापशी. आपल्याकडे शाळाशाळांच्या भिंतींवर 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' रंगवलेलं असतं. इंग्रजीत हे शब्द ज्या ओळीमुळे सर्वतोमुखी झाले ती याच कवीच्या १८०२ सालच्या सुनीतातली. आणि तो तिथे उपदेश करत नाही, साधी राहणी आणि उच्च विचार आता उरले नाहीत म्हणून कुरकुरतो आहे. आम्ही मात्र सहावीत ते वाक्य शंभर वेळा लिहिलं होतं, शिक्षा म्हणून.

साध्या राहणीचा जमाखर्च बघायला गेलं तर तिला एक वेगळाच खांब होता. वर्डस्वर्थचा धाकटा भाऊ जॉन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर कप्तान. लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता आपण दर्यावर कमवावं आणि भावानं निर्धास्त लिहीत बसावं, असा त्याचा मनसुबा होता. १८०० साली तो काही महिने या घरात राहिला. जवळच्या फरच्या राईत फिरून फिरून त्यानं पायवाट पाडली होती: जहाजाच्या डेकवर मारतात तशा येरझारा. फेब्रुवारी १८०५ मध्ये त्याचं 'अर्ल ऑफ ॲबरगॅव्हनी' बंगाल आणि चीनकडे निघालं आणि इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ, वेमथपाशी बुडालं. अडीचशेहून जास्त माणसं गेली, जॉनही गेला. भावंडांनी पैसे गुंतवले होते त्या फेरीत. मी मनात तारखा जुळवत होतो. वर्डस्वर्थ राहणीवर सुनीत लिहीत होता त्याच १८०२ सालच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावानं कंपनीशी वसईचा तह केला. जॉनचं जहाज बुडालं तेव्हा यशवंतराव होळकर अजून कंपनीशी लढत होता. ग्रासमिअरच्या लापशीचा आणि आपला संबंध इतका दूरचा नाही.

माहिती सांगणाऱ्या बाईंनी सांगितलं की आई वारली तेव्हा डोरोथी सहा वर्षांची होती. मुलगे एकत्र राहिले, शाळेत गेले. तिला आईच्या चुलतबहिणीकडे पाठवलं, हॅलिफॅक्सला.

"हॅलिफॅक्स?" ताईनं दचकून विचारलं. सत्तावीस वर्षं तिथे राहून तिला हे ठाऊक नव्हतं. "मग भावाला परत कधी भेटली?"

"नऊ वर्षांनी."

ताईनं वही काढून ९ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. ताईला तिसरीपासून मॅट्रिकपर्यंत मिरजेला आत्याकडे ठेवली होती, चांगली शाळा म्हणून. मी सांगलीत घरीच. मिरज ते सांगली अंतर ते किती, दहा किलोमीटर. पण ती सुट्टीलाच यायची. यावर आम्ही कधी बोललेलो नाही. तेव्हाही बोललो नाही. घरामागची बाग चढणीवर आहे, तिथल्या पायऱ्या चढून गेलो. भावा-बहिणीनं स्वतः ही बाग केली, रानातून रोपं उपटून आणून लावली. वरून घराच्या पाटीच्या दगडांचं छप्पर आणि त्यापलीकडे तळ्याचा तुकडा दिसतो.

संध्याकाळी सेंट ऑस्वल्ड चर्चच्या आवारात. वर्डस्वर्थ मंडळींची थडगी साध्या स्लेटच्या पाट्यांची, एका ओळीत, यू वृक्षांच्या सावलीत. यातले आठ यू त्यानं स्वतः लावून घेतले. १८१२ या एकाच वर्षात गेलेली त्याची दोन मुलं, तीन वर्षांची कॅथरिन आणि सहा वर्षांचा थॉमस, इथेच. आम्ही तिथे फार थांबलो नाही. फाटकाला लागून जुन्या शाळेच्या इमारतीत जिंजरब्रेडचं दुकान आहे, तिथून असा काही वास येत होता की थडग्यांपुढे उभं राहून भूक लागल्याची लाज वाटली. १८५४ पासून त्याच गुप्त कृतीनं बनतं म्हणे. चपटं, भुसभुशीत, वर कोरडी पिठी. ताई एक तुकडा चावून म्हणाली, "सुंठ जरा कमी झालीय. आईचा आलेपाक याच्या वरचढ."

तिसरा दिवस

ग्रासमिअर ते रायडल ही जुनी प्रेतवाट. पूर्वी रायडलला दफनभूमी नव्हती, म्हणून शवपेट्या खांद्यावरून या वाटेनं ग्रासमिअरला आणायच्या. पेटी टेकवायचे चपटे दगड वाटेवर अजून आहेत. आमच्या खांद्यावर फक्त डबा होता तरी एका दगडावर टेकलोच. चालणं तासाभराचं, झाडीतून. डाव्या हाताला डोंगर, खाली रायडलचं तळं.

वर्डस्वर्थच्या चालण्याबद्दल त्याच्या लेखक-मित्रानं, डी क्विन्सीनं, हिशेब मांडून ठेवला आहे: जन्मभरात पावणेदोन लाख मैलांच्या वर. हाच डी क्विन्सी असंही लिहून गेला की ते पाय दिसायला मात्र काही खास नव्हते. मित्र असावा तर असा. पण पाय हेच त्या कवीचं टेबल होतं. कवितेच्या ओळी तो चालता चालता मोठ्यानं म्हणत जुळवायचा. लिहून घ्यायचं काम बहुतेकदा घरातल्या बायकांचं. लहानपणी हॉक्सहेडला, शाळेच्या गावी, त्याच्याबरोबर एक कुत्रा असायचा, तो पुढे पळायचा आणि कोणी येताना दिसलं की मागे वळून सूचना द्यायचा, म्हणजे हा बडबडायचा थांबे आणि सभ्य माणसासारखा नमस्कार करी. नाहीतर लोक वेडा म्हणाले असते. रॉन्स्लीनं पुढे गावोगावच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना गाठून वर्डस्वर्थच्या आठवणी गोळा केल्या. त्यांना कविता ठाऊक नव्हत्या. त्यांना आठवत होता तो हात पाठीशी बांधून, मान खाली घालून, तोंडातल्या तोंडात हूं-हूं करत ये-जा करणारा म्हातारा. पोरांशी बोलणं नाही, हसणं नाही. कोलरिजचा पिणारा, गप्पिष्ट मुलगा हार्टली त्यांना कितीतरी जास्त आवडायचा!

रायडल माउंट हे मोठं घर. १८१३ ते १८५०, मरेपर्यंत तो इथे होता. खोल्या चांगल्या आहेत, बाग त्याहून चांगली. डोंगराच्या उतारावर त्यानं लांब आडव्या वाटा काढल्या, येरझारा घालायला. पाहुण्यानं अभ्यासिका दाखवा म्हटल्यावर मोलकरीण म्हणाली होती, "पुस्तकं इथे ठेवतात, अभ्यास बाहेर करतात." त्या वाटेवर मी चालून पाहिलं. सपाट, पायाखाली खडी, वळायच्या जागा ठरलेल्या. वीस पावलांनंतर पाय आपोआप ठेक्यात पडतात. आपल्या बायकांनी जात्याच्या फेऱ्यांवर ओव्या रचल्या. याच्या फेऱ्या लांबट होत्या आणि दळण नव्हतं, एवढाच फरक. ताईला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "दळण नव्हतं हा एवढाच फरक नाही, बाळ्या."

या घरात आला त्याच वर्षी तो सरकारी नोकर झाला: वेस्टमोरलंडचा मुद्रांक-वितरक. म्हणजे आपल्या भाषेत स्टॅम्पपेपरच्या खात्याचा साहेब. विशीत फ्रेंच राज्यक्रांतीनं भारावून फ्रान्सला गेलेला, तिथे ॲनेट व्हॅलॉनवर प्रेम करून १७९२ मध्ये एका मुलीचा बाप झालेला तरुण, तो हाच. १८४३ मध्ये राजकवीपदही घेतलं, पण हुकमी कविता करणार नाही या बोलीवर, आणि खरोखरच एकही केली नाही. पुढच्या पिढीतले कवी त्याला फितूर म्हणत. मी इतकं कडक बोलणार नाही. आमच्या छापखान्यातही निवडणुकीच्या काळात सगळ्या पक्षांची पत्रकं छापली जातात. पण चांगली कविता बहुतेक डव्ह कॉटेजात झाली आणि प्रतिष्ठा बहुतेक रायडल माउंटमध्ये मिळाली, हे दोन्ही घरं लागोपाठ बघितली की टोचत राहतं.

मला या घरातली दुसरीच एक गोष्ट लागली. डोरोथी १८२९ पासून आजारी पडत गेली, १८३५ नंतर तिची स्मृती आणि विवेक दोन्ही गेले. त्याच त्या येरझाऱ्यांच्या वाटेवर तिला चाकाच्या खुर्चीतून फिरवत. एकेकाळी बर्फात दहा-दहा मैल चालणारी बाई. भाऊ १८५० च्या २३ एप्रिलला गेला, ती त्यानंतर पाच वर्षं जगली.

घराखाली डोराचं शेत. लाडकी मुलगी डोरा १८४७ मध्ये गेली, तिच्या आठवणीसाठी तिथे डॅफोडिल्स लावली. एप्रिलच्या सुरुवातीला ती ऐन बहरात होती, मोठीमोठी, पिवळीजर्द. मी फोटो काढायला लागलो तशी ताई म्हणाली, "ही लावलेली. ती उद्या."

चौथा दिवस

'ती' म्हणजे अल्सवॉटरच्या काठची. विंडरमिअरला परत जाऊन किर्कस्टोन खिंडीवरून जाणारी बस पकडली. खिंड साडेचारशे मीटर उंच, वर धुकं एवढं की ड्रायव्हर माणसाच्या चालीनं बस हाकत होता. ग्लेनरिडिंगला उतरलो तेव्हा पाऊस आडवा येत होता. ताईची छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी झाली. वहीत वेळ आहे: ११.२०.

तळ्याकाठानं ग्लेनकॉइनच्या खाडीपर्यंत अर्धा-पाऊण तास. खाडी म्हणजे तळ्याच्या काठानं आत घेतलेलं वळण. वाट एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला पाणी अशी चालते, मुळं आणि चिखल. शेवटच्या उतारावर मी घसरलो तो थेट बसलोच. आणि बसल्यावर नजरेच्या उंचीला, ओल्या शेवाळी दगडांच्या बेचक्यात, फुलं दिसली.

लहान. डोराच्या शेतातल्यांच्या निम्म्यानं. पाकळ्या फिक्या, साईच्या रंगाच्या, मधला कर्णा तेवढा गडद पिवळा. देठ वीतभर. वाऱ्याचा झोत आला की सगळी एकदम मान लववत, पण एका तालात नाही; एक इकडे, दुसरं तिकडे, काही मान खाली घालून दगडावर टेकलेली. कर्ण्यात पावसाचं पाणी साचलं की फूल झुकतं, पाणी सांडतं आणि ते झटक्यानं वर येतं. हे मी चिखलात बसून किती वेळ बघत होतो ठाऊक नाही. तो कर्णा बघून एवढं कळलं की आमच्या सरांचा धोत्रा अगदीच काही चुकला नव्हता.

१५ एप्रिल १८०२. पूली ब्रिजजवळच्या मित्राकडून विल्यम आणि डोरोथी पायी घरी निघाले होते. वारा असा की श्वास अडत होता. सोबत निघालेल्या यजमानीणबाई थोड्या अंतरावरून परतल्या. गोबॅरो पार्कच्या रानापलीकडे पाण्याच्या कडेला आधी थोडी फुलं दिसली. बी पाण्याबरोबर वाहत आलं असेल, असं दोघांना वाटलं. मग आणखी, मग आणखी, आणि शेवटी किनाऱ्यालगत गाडीरस्त्याएवढा रुंद पट्टाच. डोरोथीनं रोजनिशीत लिहिलं की इतकी सुंदर डॅफोडिल्स कधी पाहिली नाहीत. काहींनी थकून उशीवर टेकावं तशी दगडांवर मान टेकली होती आणि बाकीची डोलत, झोकांड्या खात, नाचत होती, तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर जणू हसत होती.

वर्डस्वर्थनं कविता लिहिली ती दोन वर्षांनी, १८०४ मध्ये. छापली १८०७ मध्ये, तेव्हा तीनच कडवी होती; १८१५ मध्ये चौथं घातलं आणि 'नाचऱ्या' फुलांची 'सोनेरी' केली. प्रूफं वाचणाऱ्या माणसाला असले बदल फार आवडतात, पण या बदलाबद्दल माझं मत विचाराल तर 'नाचऱ्या' ठेवायला हवं होतं. कवितेतल्या सर्वांत गाजलेल्या दोन ओळी, मनाच्या डोळ्यापुढे ती फुलं लखकन येतात त्या, बायको मेरीनं सुचवलेल्या. हे त्यानंच सांगितलं आहे. नाच, हास्य, वारा हे बहिणीच्या वहीत आधीच उतरलेलं. आणि कविता सुरू होते ती मी ढगासारखा एकटाच भटकत होतो, अशी!

शांतपणी आठवलेल्या भावनेतून कविता जन्मते, हे त्याचं वाक्य मराठीच्या काव्यशास्त्राच्या तासालाही घोकलेलं असतं. आठवायला काहीतरी हाताशी लागतं, त्याच्या हाताशी ती वही होती. ही चोरी नव्हे. भाऊ घरी आल्यावर त्याला वाचून सुख होईल म्हणूनच तिनं मे १८०० मध्ये ही रोजनिशी सुरू केली होती, तसं तिनं पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय. छापून ती आली दोघंही गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

मी हे ताईला सांगत होतो. तोपर्यंत पाऊस थांबला होता, आम्ही एका पडलेल्या झाडावर बसून सांगलीचं भडंग खात होतो. दोन करड्या हर्डविक मेंढ्या आमच्याकडे एकटक बघत होत्या. ताईनं शांतपणे फोनवर रोजनिशीतली पुढची पानं उघडली. त्या रात्री दोघं पॅटरडेलच्या खाणावळीत उतरली. मालकीण आंबट चेहऱ्याची, पण तो तिचा स्वभावच. जेवणात उत्तम हॅम आणि बटाटे. वर गरम पाणी घातलेली रम. निघताना सात शिलिंग दिले.

"बघ," ताई म्हणाली, "सात शिलिंग. लिहिलंय बाईनं." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला डव्ह कॉटेजमध्येही दिसलं नव्हतं. तिनं आमच्या त्या दिवसाच्या हिशेबाखाली कंसात लिहिलं: '(डोरोथी: ७ शि.)'

परतताना याच तळ्यावरची, चोरून होडी नेणाऱ्या मुलाची गोष्ट आठवली. 'प्रिल्यूड' या दीर्घकाव्यात ती आहे: रात्री दुसऱ्याची होडी सोडून तो वल्ही मारतो, आणि जसजसा किनाऱ्यापासून लांब जातो तसतसा मागचा काळा डोंगर डोकं वर काढत त्याच्या पाठीशी लागतो. डॅफोडिल्सपेक्षा हा वर्डस्वर्थ मला मोठा वाटतो. तिथे निसर्ग गोड नाही, पोराला घाबरवतो, आणि पुढे कित्येक दिवस त्याच्या डोक्यात आकार नसलेलं काहीतरी फिरत राहतं. आपल्याकडे केशवसुतांनी इंग्रजीतलं सुनीत मराठीत आणलं, साध्या माणसाला आणि साध्या बोलीला कवितेत बसायला जागा केली, त्या वाटेवर हा कवी आहेच. बालकवींचा औदुंबर पाण्यात पाय सोडून बसतो तो मात्र त्याचा त्याचा बसतो. त्याला ग्रासमिअरची पावती लावायची गरज नाही. त्या काळ्या डोहापाशी आणि या काळ्या डोंगरापाशी अंगावर येणारा काटा तेवढा एका जातीचा आहे.

पाचवा दिवस

सकाळी अँबलसाइडहून हॉक्सहेडला धावती भेट. १५८५ सालची शाळा, एक वर्ग, लांब बाकं. एका बाकावर चाकूनं कोरलेलं वर्डस्वर्थचं नाव काचेखाली जपलंय. आमच्या शाळेत कर्कटकानं नाव कोरलं म्हणून मला दोन रुपये दंड झाला होता. ताई म्हणाली, "तो मी भरला होता. खाऊच्या पैशातून." मला हे आठवत नव्हतं. बहुधा तिच्या एखाद्या जुन्या वहीत असेल.

दुपारी विंडरमिअरहून परतीची गाडी. फाट्यावरून गाडी हळूहळू निघाली तेव्हा बालकवी पुन्हा आठवले: १९१८ चा मे, जळगावजवळचं भादली स्टेशन, अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वेखाली मरण. वर्डस्वर्थनं रेल्वेविरुद्ध सुनीत लिहिलं आणि ऐंशी वर्षं जगला. ताई खिडकीशी डोकं टेकून झोपली होती, वही मांडीवर.

सांगलीला येऊन मी हे लिहून काढलं आणि पहिला खर्डा ताईला पाठवला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. बसचे नंबर बरोबर होते, खिंडीची उंची बरोबर होती, भडंगाचा उल्लेख आवडला होता.

"फक्त एक विचारू? तू एकटाच गेला होतास का रे?"

खर्डा काढून बघितला. मी उतरलो, मी चालत गेलो, मी फुलं पाहिली, मी खिंड ओलांडली. लाल पेन घेऊन बसलो आणि एकेक 'मी' खोडून 'आम्ही' केलं. तीन वेळा वाचलं. तरी दोन-चार राहिले असतील. प्रूफात राहतातच.